पंगतीत बसून पंक्तिप्रपंचाबद्दल बोलावं का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका गेली सतरा वर्षं कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेत काम करतात. ज्या विद्यापीठात त्या शिष्यवृत्तीवर शिकल्या, त्याच विद्यापीठाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या स्नेहभोजनात ‘सामाजिक न्याय आणि विद्यापीठ’ या विषयावर वीस मिनिटं बोलण्याचं निमंत्रण कुलगुरूंनी त्यांना दिलं आहे. समोर देणगीदार, माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि व्यवस्थापनातली मंडळी असतील. अडचण अशी की, याच आवारात झाडलोट करणाऱ्या कामगारांचा पगार वारंवार लांबतो, कंत्राटदार बदलला की वर्षानुवर्षं राबलेली माणसं नव्याने लागलेली दाखवली जातात. दोन वर्षांपूर्वी या प्रश्नावर ताईंनी मुख्य फाटकासमोर धरणं धरलं होतं. प्रश्न अजून तसाच आहे. संघटनेतले काही जण म्हणतात, जाऊ नका, ते तुमची शोभेची बाहुली करतील. काही म्हणतात, जा आणि भर सभेत वाभाडे काढा. आयोजकांचा निरोप आहे की, भाषणाचा मजकूर आठवडाभर आधी द्यावा आणि ‘प्रसंगाचं भान’ ठेवावं. ताई लिहितात: ‘निमंत्रण वाचून मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटते. ज्यांचं जेवायचं त्यांच्याच विरुद्ध बोलणं बरं दिसेल का? आणि मुकाट जेवून आले, तर उद्या वस्तीत कुठल्या तोंडाने जाऊ?’

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळींपासून सुरुवात करते, कारण पत्राचा जीव तिथे आहे.

आनंद झाला, यात लाजण्यासारखं काय आहे? ज्या आवारात शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट बघत दिवस काढले, ज्या फाटकाबाहेर उन्हात बसलात, तिथूनच मानाने बोलावणं आलं. माणूस सुखावणारच. चळवळीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना मात्र कुठलाही मान संशयानेच बघायची सवय लागते. ती सवय पुष्कळदा उपयोगीही पडते; पगाराच्या जागी माइक देऊन वेळ मारून नेणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. पण दाबून ठेवलेली लाज भाषणात भलत्याच वाटेने बाहेर पडते. आपण विकलो गेलो नाही हे सहकाऱ्यांना दाखवण्यासाठी वक्ता मग गरजेपेक्षा चढ्या आवाजात बोलतो, आणि समोर बसलेल्यांना नेमकं काय करायला हवं हे सांगायचंच राहून जातं. म्हणून पुढच्या बैठकीत आधी हे सांगून टाका: बोलावलं म्हणून मला बरं वाटलं. एवढं मोकळेपणाने बोललात की जायचं की नाही याची चर्चा तुमच्या निष्ठेवरून हटेल आणि कामावर येईल.

आता ‘ज्यांचं जेवायचं’ हा भाग. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि ते मलाही मनापासून पटतं. पण हे मीठ कुणाचं, हे एकदा विचारून बघा. विद्यापीठ चालतं ते विद्यार्थ्यांच्या शुल्कावर, लोकांच्या करातून आलेल्या पैशावर, देणग्यांवर आणि रोज सकाळी वर्ग उघडायच्या आत जिने, प्रयोगशाळा, स्वच्छतागृहं धुऊन ठेवणाऱ्यांच्या श्रमांवर. तुम्ही लिहिता की पगार लांबतो. पगार लांबतो म्हणजे कामगाराने काम आधी देऊन टाकलेलं असतं आणि पैसे यायचे असतात. साध्या भाषेत, त्या माणसांनी विद्यापीठाला उसनं दिलेलं आहे. व्याज न घेता, मुदत न विचारता. त्या रात्रीच्या जेवणातला एक वाटा या उसनवारीचा आहे. तुम्ही तिथे मिंध्या कशा ठराल? मीठ ज्यांचं आहे त्यांना जागायचं असेल, तर फाटकाबाहेरच्या माणसांची आठवण त्या दालनात काढणं, हेच खाल्ल्या मिठाला जागणं होईल.

हा पेच जुना आहे. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली होती. पाहुणे दागदागिन्यांनी आणि भरजरी पोशाखांनी नटून आले होते. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले. उठून बोलले तेव्हा त्यांनी राजपुत्राला सांगितलं की, इथे बसलेले हे लोक म्हणजे हा देश नव्हे. खरी प्रजा बघायची तर खेड्यांत जा, अस्पृश्यांच्या वस्त्यांत जा, आणि या प्रजेला शिक्षणाची गरज आहे हे आपल्या आईच्या कानावर घाला. हा प्रसंग बहुतेक वेळा पोशाखासाठी सांगितला जातो. मला त्यातल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. यजमान चिपळूणकर फुल्यांचे स्नेही होते, म्हणजे स्नेह्याच्या घरच्या मेजवानीत बोलताना यजमानाचा अवमान न करता पाहुण्यासमोर सत्य मांडणं त्यांना जमलं. आणि त्यांनी जे मागितलं ते समोरच्या एका माणसाच्या हातातलं होतं: जा, बघा, आणि घरी जाऊन सांगा. नुसता संताप व्यक्त करून ते खाली बसले नाहीत.

तुमच्या सहकाऱ्यांनी तुमच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत, बाहुली व्हा किंवा वाभाडे काढा. मला वाटतं इथेच गफलत आहे. दोन्ही वाटांत तुम्ही कशा दिसाल एवढाच विचार आहे. भोजनानंतरच्या सोमवारी आवारातल्या कामगाराच्या आयुष्यात काय बदललेलं असेल, हा प्रश्न दोन्हीकडे गैरहजर आहे. त्या प्रश्नापासून मागे येत गेलात तर वीस मिनिटांत काय बोलायचं आणि कुठल्या सुरात, हे पुष्कळसं आपोआप ठरेल.

स्तुती आणि टीका यांचं मूळचं वैर नसतं, हे दाखवणारं एक भाषण मला नेहमी आठवतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ५ जुलै १८५२ रोजी, फ्रेडरिक डग्लस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे बोलले. स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले. बोलावणारी संस्था गुलामगिरीविरोधी स्त्रियांची, म्हणजे समोर तसे आपलेच लोक. डग्लसांनी सुरुवातीला राष्ट्रसंस्थापकांच्या धैर्याचा मनापासून गौरव केला, आणि तो करताना सतत ‘तुमचे’ पूर्वज, ‘तुमचं’ स्वातंत्र्य असे शब्द वापरले. श्रोत्यांना तो ‘तुमचं’ हळूहळू टोचायला लागला असेल, तोवर त्यांनी विचारलं की, हा सण गुलामाच्या दृष्टीने काय आहे? त्यानंतरचा भाग अंगावर येणारा आहे. तरीही शेवट त्यांनी आशेवर केला. गौरव खोटा असता तर पुढच्या प्रश्नाला धार आली नसती.

तुमच्याकडेही असा खरा गौरव आहे. पत्रात तुम्ही वाचनालयाबद्दल लिहिलं आहे, परीक्षेच्या दिवसांत पहाटे ते उघडून देणाऱ्या शिपायाबद्दल लिहिलं आहे. तिथून सुरुवात करा. या विद्यापीठाने मला काय दिलं, कुणाच्या हातून दिलं, हे सांगा. म्हणजे ‘विद्यापीठ’ या शब्दात कोणकोण येतं हा प्रश्न तुम्ही न विचारताच सभेत उभा राहील.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तुमच्या पत्रात ‘मी काय बोलू’ हे पाच वेळा आलं आहे. कामगारांना काय हवं आहे, हे एकदाही आलेलं नाही. दोष देत नाही. सतरा वर्षांनंतर त्यांचं म्हणणं आपल्याला ठाऊकच आहे असं वाटू लागतं. मलाही वाटत असे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वर्धापनदिनाला मी बोलले होते. तिथल्या कंत्राटी बायकांची परिस्थिती मी फार तळमळीने मांडली, एका बाईची हकिगत नाव न घेता पण तपशिलांसह सांगितली. टाळ्या झाल्या, लोक भेटायला आले. निघताना जिन्यापाशी एका कामगार बाईने मला गाठलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, दोन लेकरं आणि तिसऱ्या मजल्यावरचं काम म्हटल्यावर ती कोण हे मुकादमाला कळलं. उद्या तिला विचारतील, बाहेर कुणाकडे बोललीस.’ पुढच्या महिन्याच्या हजेरीत त्या बाईचं नाव नव्हतं. कागदावर कारण दुसरंच होतं. टाळ्या मला मिळाल्या होत्या, किंमत तिने मोजली. ही गोष्ट मी विसरलेली नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

म्हणून होकार कळवण्याआधी वस्तीत बैठक घ्या. रविवारी, बायकांना येता येईल अशा वेळी, मुकादमाच्या माणसांपासून लांब. तिथे विचारा: मी जावं का? गेले तर काय सांगू, काय अजिबात सांगू नको? कुणाच्या तपशिलाने कोण ओळखू येईल? तुमच्या मागण्यांपैकी एकच मागायची झाली तर कुठली? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. आपण बाहेरून ‘कंत्राटी पद्धत बंद करा’ म्हणत असतो आणि बैठकीत निघतं की, आज त्यांना सगळ्यात आधी हवं आहे ते दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, त्याची चिठ्ठी आणि कंत्राटदार बदलला तरी जुनी नोकरी धरली जाईल अशी हमी. मोठी मागणी सोडायची असं मी म्हणत नाही. त्या रात्री कुठली पुढे करायची हे त्यांनी ठरवावं, एवढंच.

बैठक ‘जाऊ नका’ म्हणाली तर जाऊ नका. कामगारांनी बहिष्कार किंवा संप पुकारला असेल तर प्रश्नच उरत नाही. ते बाहेर उभे असताना आपण आत बसायचं नसतं. प्रकरण न्यायालयात असेल तर काय बोलता येईल हे वकिलाला विचारून घ्या. आणि निमंत्रणाचा वापर ‘आमचे कामगारांशी संबंध उत्तम आहेत’ असं दाखवण्यासाठी आधीच सुरू झाला असेल, तुमचं छायाचित्र तशा मजकुरासोबत फिरत असेल, तर पहिलं पत्र त्याबद्दलचं लिहा. भाषणाचं नंतर बघता येईल.

आता मजकूर आधी मागण्याबद्दल. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं होतं. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळींना काही भाग पेलेना. बदल सुचवले गेले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषद रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने १५०० प्रती छापून प्रसिद्ध केलं आणि त्या सभागृहात जेवढे बसले असते त्याच्या कितीतरी पट लोकांपर्यंत ते पोचलं, आजही पोचतं आहे. लक्षात घ्या, बोलावणारी मंडळी जात मोडायला निघालेली सुधारक होती. यजमान भला असला म्हणजे तो मजकूर कापणार नाही, असं नसतं.

यातून तुम्ही काय घ्यावं? मजकूर मागितला म्हणून लगेच रागावू नका. भाषांतर, सांकेतिक भाषेतला अनुवाद, वेळेचं नियोजन अशी साधी कारणंही असतात. विचारा, कशासाठी हवा आहे? उत्तर मिळेपर्यंत एक पानाचा आराखडा पाठवा: मी या तीन गोष्टींबद्दल बोलणार आहे, त्यातली एक आवारातल्या कंत्राटी कामगारांच्या पगाराची आहे, आणि शेवटी एक विनंती करणार आहे. सोबत एक वाक्य नम्रपणे लिहा की तथ्यात चूक असेल तर जरूर दाखवावी, दुरुस्त करीन. विषय मात्र बदलणार नाही. चूक दाखवण्याचा हक्क त्यांना द्या, गाळण्याचा देऊ नका. त्यांनी निमंत्रण मागे घेतलं, तर तुमच्याकडे तयार भाषण आणि ते मागे घेतल्याचं पत्र, दोन्ही असेल. ते आवाराबाहेर वाचता येतं, छापता येतं.

‘आराखडा आधी दिला तर धक्का बसणार नाही,’ असं तुमचे तरुण सहकारी म्हणतील. खरंच बसणार नाही, आणि माझ्या मते तेच बरं. अवचित मारलेल्या टोल्याने वक्त्याला समाधान मिळतं. यजमानाला मात्र ‘पाहुणीने संकेत मोडला’ असं म्हणून मूळ प्रश्न बाजूला सारायची सोय होते. आधीच सांगून, शांतपणे तेच बोललात तर ती सोय राहत नाही. म्हणून मी तर आणखी पुढे जाऊन सांगेन, भोजनाच्या आधी कुलगुरूंना भेटा. तुम्हाला बोलावण्यात त्यांनीही थोडा धोका पत्करला असेल. दोन वर्षांपूर्वी फाटकाबाहेर बसलेल्या बाईला पन्नासाव्या वर्षी व्यासपीठ द्यायचं, हे त्यांच्या सगळ्याच सहकाऱ्यांना रुचलं असेल असं नाही. कदाचित जे काम त्यांना एकट्याने रेटता येत नाही ते तुमच्या भाषणामुळे सोपं व्हावं, अशी त्यांची इच्छा असेल. कदाचित नसेलही. भेटीत कळेल. सरळ विचारा: मी त्या रात्री ही एक विनंती करणार आहे; तुम्ही त्याच व्यासपीठावरून तिला उत्तर देऊ शकाल का?

विनंती अशी हवी की, समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी अधिकारात ती मान्य करणं असलं पाहिजे, आणि ती पाळली गेली की नाही हे तारखेवरून तपासता आलं पाहिजे. ‘कामगारांचा सन्मान राखा’ ही मागणी कुणीही टाळ्या वाजवून मान्य करील. ‘कामगारांचे प्रतिनिधी असलेली समिती या तारखेपर्यंत नेमा आणि तिचा अहवाल या तारखेपर्यंत जाहीर करा’ असं म्हटलं की, टाळ्या थोड्या कमी होतील आणि लोक एकमेकांकडे बघतील. तसंच व्हायला हवं. २००१ साली हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांनी सफाई आणि इतर कामगारांच्या वेतनासाठी प्रशासकीय इमारतीत २१ दिवस ठिय्या दिला. तो उठला तेव्हा हाती आली ती प्राध्यापक, प्रशासक, विद्यार्थी आणि कामगार यांची मिळून एक समिती. ऐकायला काहीच नाही असं वाटतं. पण त्याच वर्षअखेरीस समितीने वेतनवाढीची शिफारस केली आणि पुढे वेतनं वाढली. लंडन विद्यापीठाच्या सोआस या शिक्षणसंस्थेत मात्र सफाई कामगारांचा लढा दहा वर्षांहून अधिक चालला. २००९ मध्ये एके सकाळी बैठकीला म्हणून बोलावलेल्या कामगारांना तिथे थांबलेल्या स्थलांतर-अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलं, काहींना देशाबाहेर पाठवलं. तरी लढा थांबला नाही आणि २०१८ मध्ये कामगार थेट संस्थेच्या सेवेत आले. दक्षिण आफ्रिकेत २०१५ च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनानंतर केपटाऊन विद्यापीठाने कंत्राटी कामं पुन्हा आपल्याकडे घ्यायचं मान्य केलं. ‘विद्यापीठाला हे परवडत नाही, कुठेच होत नाही’ असं कुणी म्हणालं तर ही उदाहरणं हाताशी असू द्या. भाषणात मात्र फार तर एक सांगा. जेवणाच्या टेबलाशी बसलेली माणसं उदाहरणांची रांग लक्षात ठेवत नाहीत.

वर्धापनदिनाचा एक फायदाही आहे. एरवी संस्थेला स्वतःच्या इतिहासाबद्दल विचारलं तर ती दारं लावून घेते. जयंती-महोत्सवात ती स्वतःच इतिहास काढून बसलेली असते. ग्लासगो विद्यापीठाने २०१८ मध्ये आपल्याला गुलामीच्या व्यापारातून आलेल्या पैशाचा लाभ कसा झाला याचा अहवाल स्वतः प्रसिद्ध केला आणि पुढच्या वर्षी भरपाईच्या कामासाठी वीस वर्षांत दोन कोटी पौंड उभे करायचं ठरवलं. तुमच्या विद्यापीठाच्या स्मरणिकेत पन्नास वर्षांतल्या कुलगुरूंची नावं असतील, इमारतींची छायाचित्रं असतील. त्या इमारती रोज स्वच्छ ठेवणाऱ्या किती जणांची नावं आहेत, एवढं पान उलटून बघा. नसतील, तर हा सौम्य वाटणारा प्रश्न भाषणात फार दूरवर जातो. पण नावं छापणं हे पगाराच्या जागी चालवून घेऊ नका.

त्या संध्याकाळबद्दल थोडं. मराठीत पंक्तिप्रपंच असा एक नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं. तुम्ही ज्या दालनात बोलणार, तिथे वाढणारे, ताटं उचलणारे, खुर्च्या लावणारे बहुधा कंत्राटीच असतील. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलाल त्यांच्यातलेच काही भिंतीला टेकून ऐकत असतील. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हे बघा’ असं कधीही म्हणू नका; क्षणात त्या माणसाचं प्रदर्शन होतं आणि रात्री मुकादमाचा फोन जातो. त्याऐवजी आधीच आयोजकांना विचारा की, त्या रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्यांना जादा तासांचे पैसे मिळणार आहेत का, त्यांची जेवायची आणि घरी जायची सोय आहे का. कामगारांचे दोन प्रतिनिधी पाहुणे म्हणून बसू शकतील का, हेही विचारा, पण आधी त्या दोघांना यायचं आहे का याची खात्री करा. अनोळखी, अवघडलेल्या वातावरणात नेऊन बसवणं हाही एक प्रकारचा अन्यायच.

भाषण वीस मिनिटांचं सांगितलं आहे, तुम्ही बाराचं तयार करा. जेवणाआधी बोलायला मिळालं तर बघा. जेवण झाल्यावर लोकांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. आकडा एकच द्या, आणि तो कागदोपत्री सिद्ध करता येईल असा: गेल्या बारा महिन्यांत किती महिने पगार तारखेला झाला. संघटनेकडे ही नोंद असेलच, पगारचिठ्ठ्यांशी ताडून घ्या. एक चुकीचा आकडा सगळ्या भाषणाला खाली खेचतो. कामगारांच्या दैन्याचं वर्णन लांबवू नका. ते कामात किती वाकबगार आहेत हे सांगा. कुठलं रसायन कुठल्या फरशीला चालतं, प्रयोगशाळेतल्या कुठल्या डब्याला हात लावायचा नाही, पावसाळ्यात कुठली मोरी आधी तुंबते, हे त्यांना ठाऊक असतं आणि प्रत्येक नव्या कंत्राटात हे कसब शून्य धरलं जातं. दैन्य ऐकून दया येते आणि दया घरी जाईपर्यंत ओसरते. कसब ऐकून मात्र समोरच्याला प्रश्न पडतो, मग हा माणूस दर कंत्राटागणिक नवा कसा?

थोडक्यात बोलण्याची भीती वाटत असेल तर हेही सांगते. १३ नोव्हेंबर १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात मानद पदवी घ्यायला गेले होते. समारंभ पदवीचा, प्रसंग गौरवाचा. काही मिनिटांच्या आयत्या वेळच्या भाषणात त्यांनी वंशद्वेष, दारिद्र्य आणि युद्ध हे तीन प्रश्न यजमानांसमोर ठेवले. आयोजकांनी तुम्हाला सांगितलेलं ‘प्रसंगाचं भान’ त्यांनी ठेवलंच होतं. प्रसंग काय आहे याची त्यांची समज फक्त मोठी होती.

मानधन मिळणार असेल तर ते संघटनेच्या खात्यात घ्या आणि किती मिळालं ते बैठकीत सांगा. छायाचित्रं कुठे वापरणार, हे लेखी विचारा. एकट्या जाऊ नका. जे सहकारी सगळ्यात जास्त विरोध करत आहेत त्यांच्यातल्या एखाद्याला सोबत न्या. त्यांची भीती खोटी नाही, आणि तुम्ही कुठे घसरलात तर ते तुम्हाला तिथेच सांगतील. भोजनानंतर तीन दिवसांच्या आत कुलगुरूंना आभाराचं पत्र जाऊ द्या, त्यात व्यासपीठावर काय ठरलं, कुठल्या तारखेला, हे साध्या शब्दांत लिहा. काही ठरलं नसेल तर तसं लिहा. या पत्राची प्रत वस्तीत वाचून दाखवा. आणि पुढचे दोन महिने हजेरीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. कुणाचं नाव गळलं, कुणाची पाळी अचानक बदलली, तर त्याच आठवड्यात कुलगुरूंकडे जा. भाषणाने उघडलेलं दार तेवढ्याच दिवसांत वापरता येतं.

असंच निमंत्रण आलेले आणखी काही वाचक हे वाचत असतील. कुणी दलित साहित्याच्या अभ्यासक म्हणून, कुणी अपंग हक्कांच्या कामामुळे, कुणी नुकत्याच आंदोलनातून पुढे आलेल्या विद्यार्थिनी म्हणून. त्यांना एवढंच सांगते की, वयाने लहान असाल आणि संस्थेवर तुमचं शिक्षण किंवा नोकरी अवलंबून असेल, तर ताईंना दिलेला सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. तुमचं बोलणं एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने किंवा बाहेरच्या पाहुण्याने मांडलं तर चालण्यासारखं असेल, तर तसं करा. त्यात भित्रेपणा नाही. आणि आयोजकांच्या बाजूला असाल, तर पाहुणीला बोलावण्याआधी एवढं ठरवा की, तिने मागितलं तर तुम्ही काय देऊ शकता. काहीच देता येणार नसेल तर तसं आधी सांगा. ती तरीही येईल, कदाचित.

ताई, तुमचा मसुदा तयार झाला की मला जरूर पाठवा, मी त्याच दिवशी वाचून कळवीन. फक्त आधी तो वस्तीतल्या बैठकीत वाचून दाखवा, आणि तिथे ज्या ओळी खोडल्या जातील त्या मला पाठवू नका.